हात तुमचा चुकला नव्हता, दाजी

दाजी, दहाव्याला कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं येतोय न येतोय, तोच समोरच्या लिंबावरून एक खाली उतरला आणि भाताला चोच लावून गेला. भटजींनाही नवल वाटलं. कशात जीव अडकला नव्हता माणसाचा, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र घरून तयारी करून आलो होतो. कावळा अडून बसेल, लोक 'अक्काला अंतर देणार नाही', 'अमुक करू, तमुक करू' असं म्हणू लागतील, मग मीही पुढं होऊन हात जोडीन आणि ती एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकीन, असा बेत होता. मनातल्या मनात सांगणार होतो, मोठ्यानं नाही. माझं धाडस केवढं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण तुम्ही माझ्यासाठी थांबलाच नाहीत. आणि कावळा उडाला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, तर मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. स्वतःच्या दाजीच्या दहाव्याला हायसं वाटून घेणारा माणूस मी, हे आधी इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहायला फार जड जाणार नाही.

तुमच्या घरी शिकायला आलो तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि तुम्ही तिचे नवरे, एवढीच माझी तुमच्यावर सत्ता. मिलजवळच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं, त्यात मी आणि माझी पत्र्याची पेटी. तुम्ही मिलच्या बॉयलरखात्यात फिटर. मंद्रूपच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. पाळीवरून येऊन आंघोळ झाली की तुम्ही माझं इंग्रजीचं पुस्तक मांडीवर घ्यायचात आणि मला धडा म्हणायला लावायचात. तुम्हाला इंग्रजी येत नाही याचा फायदा घेऊन मी मधल्या ओळी गाळायचो. तुम्ही बोट ठेवून ऐकत असायचात. म्हणायचात, "हितं एक ऱ्हायलं की रं." मला कितीतरी दिवस कळेना की यांना समजतं कसं. मग एकदा अक्कानं फोडलं. तुम्ही पूर्णविराम मोजत होतात. मी श्वास घेऊन थांबलो की एक बोट मिटायचं, आणि पानावरचे ठिपके जास्त निघाले की मी पकडला जायचो.

त्या ठिपक्यांच्या जोरावर मी मॅट्रिक झालो, पुढं बी.एस्सी. झालो, आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून हायस्कुलात लागलो. ज्या दिवशी नोकरीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही मला 'तू' म्हणायचं सोडलंत. "मास्तर, तुमी बसा खुर्चीवर," असं म्हणून स्वतः पाटावर बसलात. अक्का हसत सुटली. मला वाटलं थट्टा आहे, चार दिवसांत जाईल. ती गेली नाही. मला मात्र ती हळूहळू खरी वाटायला लागली. तिथंच कुठंतरी माझं बिघडलं असणार.

आता गीझरचं सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना माहीत नाही. त्यांनी चुकीचं ऐकलंय, आणि ते माझ्यामुळं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही नवीन घर बांधलं, गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी केली, आणि बंबाच्या धुरानं माझ्या बायकोचा, कुसुमचा, खोकला जाईना म्हणून तांब्याच्या टाकीचा विजेचा गीझर आणला. आमच्या ओळीत पहिला. तुम्ही एका रविवारी पानेबिने घेऊन सायकलवरून आलात आणि दुपारपर्यंत बसवून दिलात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी खाली गीझरमध्ये यायचं. तापलेलं पाणी उलटं त्या टाकीकडं जाऊ नये म्हणून तुम्ही वाटेत एक झडप बसवलीत, एकाच बाजूला उघडणारी. इथवर सगळं मला पटलं. मग तुम्ही पिशवीतून एक पत्र्याची छोटी टाकी काढलीत. तेलाच्या डब्याएवढी, झाकणाची, घरी स्वतः झाळून आणलेली. गच्चीवरच्या मोठ्या टाकीच्याही वर चार विटा रचून ती तुम्ही ठेवलीत आणि गीझरच्या डोक्यातून एक नळी थेट तिच्यात नेऊन सोडलीत.

हे कशाला, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, पाणी तापलं की फुगतं. झडप लावल्यामुळं मागं जायची वाट बंद झाली, नळ बंद असला की पुढची वाटही बंद. मग फुगलेल्या पाण्यानं जायचं कुठं? म्हणून ही वाट. वर जाईल, टाकीत बसेल, गार झालं की परत खाली उतरेल.

मी हसलो, दाजी. विज्ञानाचा शिक्षक मी, आणि त्याच आठवड्यात वर्गात गोळा आणि कडीचा प्रयोग करून आलेला. कडीतून गोळा जातो, गोळा तापवला की जात नाही, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, लिहून घ्या. दरवर्षी शिकवतो मी ते. पण शाळेतली उष्णता वेगळी आणि न्हाणीघरातली वेगळी, अशी माझी समजूत असावी. मी म्हणालो, दाजी, द्रव पदार्थ अगदी थोडा वाढतो, दोन चमचेसुद्धा वाढणार नाही. तुम्ही म्हणालात, अर्धा लिटर तरी वाढतंय. मी म्हणालो, शक्यच नाही. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातून अरुंद तोंडाचा तांब्या काठोकाठ भरून स्टोव्हवर ठेवलात आणि मला बघायला बसवलंत. उकळी यायच्या कितीतरी आधी पाणी काठावरून ओघळलं. मी म्हणालो, ते हवेचे बुडबुडे. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, स्टोव्ह बंद केलात आणि म्हणालात, "मास्तर, थोडं का वाढंना, त्याला जागा लागती. जागा न्हाय दिली तर ते भांडं फोडून जागा करतंय."

मी वाद तसाच ठेवला, आणि तुम्ही टाकी तशीच ठेवलीत. त्याच मोसमात आमचं बघून शेजारच्या पोस्टमास्तरांनी आणि समोरच्या वकीलसाहेबांनी गीझर आणले आणि तुम्ही तिकडंही तशाच टाक्या बसवल्यात. थंडीच्या दिवसांत पहाटे त्या छोट्या टाक्यांच्या झाकणांतून थोडी वाफ निघायची. लोक म्हणायचे, या ओळीत तीन नव्या मिली सुरू झाल्यात, भोंगा तेवढा वाजत नाही. पोस्टमास्तर हसायचे. वकीलसाहेब हसायचे. मी हसायचो आणि आतून जळायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात शिक्षणखात्याचे साहेब शाळा तपासायला आले, आणि सकाळचा चहा माझ्याकडं ठरला. फाटकातून आत येतानाच त्यांची नजर वर गेली. मास्तर, गच्चीवर चहा ठेवलाय वाटतं, असं म्हणाले. हेडमास्तर मोठ्यानं हसले. मी काय उत्तर दिलं ते तुम्ही ऐकलंत, कारण अक्कानं दिलेला शेंगाचटणीचा पुडा घेऊन तुम्ही त्याच वेळी फाटकात सायकल लावत होता. मी म्हणालो, "आमच्या मेव्हण्यांची हौस आहे, साहेब. मिलमध्ये असतात. फारसे शिकलेले नाहीत, पण हौस दांडगी."

तुम्ही पुडा कुसुमच्या हातात दिलात, पाळी हाय म्हणालात आणि वळलात. त्या दिवशी तुमची सुट्टी होती. मला माहीत होतं.

त्यानंतरच्या रविवारी कुसुम शेजारणींबरोबर अक्कलकोटला गेली होती. घरात मी एकटा. मी ठरवलं की हे एकदाचं संपवायचं. तुमचं काम बघून बघून मला वाटत होतं की आपल्याला येतं. पेठेतून एक पाना, एक लोखंडी बूच, आणि सांधा गळू नये म्हणून लावायचे तागाचे धागे आणि सफेद्याची डबी आणली. गीझरच्या डोक्यातली नळी सोडवली, तिथं ताग गुंडाळून बूच मारलं. वरची टाकी उतरवायला गेलो, पण विटा पडतील म्हणून सोडून दिली. वाफ बंद, एवढं पुरे होतं. हात धुऊन मी स्वतःवर इतका खूश होतो की दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कुसुमला सांगितलं नाही. वाफ का येत नाही असं पोस्टमास्तरांनी विचारलं तर म्हणालो, थंडी कमी झाली असेल.

तीन आठवडे काही झालं नाही. तीन आठवडे मी रोज सकाळी मनात म्हणायचो, बघा दाजी. आत ती तांब्याची टाकी रोज थोडी थोडी फुगत होती, सांध्यात सैल होत होती, आणि मी बाहेर उभा राहून गरम पाण्यानं दाढी करत होतो.

ज्या सकाळी ती फुटली त्या सकाळी कुसुम धुणं घेऊन न्हाणीघरात गेली होती. धान्याचं पोतं वरून टाकल्यासारखा आवाज झाला. मी धावलो तर ती भिंतीला धरून उभी, आणि उजवा पाय घोट्याखाली लालभडक. टाकीची खालची शिवण उघडली होती. पोस्टमास्तर धावत आले, टांगा आणला, तिला उचलून बसवलं. चला मास्तर, म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी विजेचं बघतो, नाहीतर आणखी काही व्हायचं.

विजेचं बटण मी केव्हाच बंद केलं होतं, दाजी. टांगा कोपऱ्यावरून वळला तसा मी स्टुलावर चढलो. बूच काढलं. तुमची नळी परत तिथं बसवली. घाईत ताग दोनदा सुटला. बूच परसातल्या भिंतीपलीकडं फेकलं. माझी बायको भाजलेल्या पायानं दवाखान्यात होती आणि मी घरात नळीला सफेदा लावत होतो.

पाळी संपता संपता निरोप मिळाला तसे तुम्ही सायकल मारत आलात. अंगावर कामाचेच कपडे, हातात पान्यांची पिशवी. सरळ न्हाणीघरात गेलात आणि वर हात घालून तो सांधा चाचपलात. अंगठ्याला ओला सफेदा लागला. तुम्ही धाग्याकडं वाकून पाहिलंत. ताग मी उलटा गुंडाळला होता, आट्यांच्या उलट, नळी आवळताना सुटत जाईल असा. कुठलाही फिटर झोपेतसुद्धा तो तसा गुंडाळत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर तुमच्याच मिलमधल्या एका माणसाला सहज विचारलं तेव्हा कळलं. पण तुमचा चेहरा बघून एवढं कळलं की तुम्हाला कळलंय. तुम्ही अंगठा विजारीला पुसलात. माझ्याकडं वळून एकच विचारलंत.

"मास्तर, कुसुमसंगं गेला न्हाय?"

मी जमिनीवरचं पाणी बादलीत भरायला लागलो. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात टांगा परत आला. पायाला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला, पोस्टमास्तरांच्या आधारानं कुसुम आत आली. तुम्ही पुढं झालात, काहीतरी विचारायला. ती तुमच्याकडं न बघता म्हणाली, "दाजी, आमच्या घरात परत पान्याला हात लावू नका." पोस्टमास्तर म्हणाले, मिलचा बॉयलर वेगळा आणि घर वेगळं हो. मी बादली घेऊन तिथंच उभा होतो. दोन पावलांवर. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत, वाट बघितल्यासारखं, फार नाही, दोन श्वास. मग पाना पिशवीत घातलात आणि म्हणालात, "व्हय. हात चुकला असंल माजा."

दाजी, मी तो वेळ पुष्कळदा परत जगून पाहिलाय. प्रत्येक वेळी मी बोलतो. खरं तर तेव्हा मी बादली उचलून बाहेर गेलो आणि पाणी झाडाला घातलं.

पुढचं तुम्हीच निस्तरलंत. पोस्टमास्तरांनी गीझर काढून परत बंब आणला, त्यांचा प्रश्न मिटला. वकीलसाहेबांनी बाजारातून माणूस आणून छोटी टाकी काढायला लावली आणि नळीच्या जागी बूच मारून घेतलं. म्हणजे माझ्या घरी जे तीन आठवडे होतं ते त्यांच्या घरी कायमचं झालं. हे ऐकून तुम्ही त्यांच्याकडं गेलात. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. त्यांनी तुम्हाला फाटकातच उभं ठेवलं. तुम्ही हातवारे करून काहीतरी सांगत होता. फाटक लागलं. माझ्या घराकडं न बघता तुम्ही सायकलवर बसलात.

महिन्याभरात तुम्ही बाहेरची कामं घेणं बंद केलंत. अक्का सांगायची, यांना आता दिसत नाही, हात कापतो, मीच म्हटलं सोडा. पाने-हातोड्या पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या. मी अक्काचं ऐकून घेतलं आणि चहा प्यालो.

तुम्ही येत राहिलात, हेच मला सगळ्यात अवघड गेलं. रागावून यायचं थांबला असतात तर मीही रागावून मोकळा झालो असतो. तुम्ही पंधरा दिवसांनी एकदा यायचात, बाजेवर बसायचात, कुसुम मुकाट्यानं कप ठेवून जायची, तुम्ही तो तितक्याच मुकाट्यानं संपवायचात. एकदा तुम्ही विचारलंत, "मास्तर, पाणी तापल्यावर किती वाढतंय, बुकात काय लिवलंय?" चेहऱ्यावर टोमणा नव्हता. खरंच विचारत होतात. बघून सांगतो म्हणालो. शाळेत जाऊन तक्ता काढला, आमच्या गीझरच्या मापानं गणित मांडलं. दाजी, अर्धा लिटर आलं. थोडं वरच. त्या गणिताचा कागद मी घडी करून मनगटी घड्याळाच्या डबीत ठेवला आणि तुम्हाला म्हणालो, अजून पुस्तक मिळालं नाही. तुम्ही परत विचारलं नाहीत. पूर्णविराम मोजणाऱ्या माणसाला मी काय गाळतोय ते कळलं नसेल असं मी कसं समजलो?

तुम्ही गेलात तेव्हा मला पहिला विचार आला तो वकिलांच्या घराचा. तो गीझर अजून कसा तगला याचंच नवल, आणि थंडी तोंडावर आलेली. आता तिथं जाऊन ते बूच काढा म्हणणारं कुणी नाही. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोर्टात गेलेले बघून मी गेलो. बेत असा की खरं काय झालं ते सांगायचं नाही, नुसतं शास्त्रीय कारण सांगायचं. प्रसरण वगैरे. मास्तर आहे, ऐकतील.

वकिलीणबाईंनी ऐकून घेतलं आणि हसल्या. म्हणाल्या, बूच कुठलं, मास्तर? ते तर गेल्याच्या गेल्या दिवाळीतच निघालं. मग आवाज खाली करून सांगितलं की हे घरात नाहीत असं बघून तुमचे दाजी आले होते. नळी परत जोडली, टाकी मोठ्या टाकीच्या मागं, रस्त्यावरून दिसणार नाही अशी ठेवली, मोठीसारखाच रंग दिला. वकिलांना अजून पत्ता नाही, ते गच्चीवर जातात कुठं. दर थंडीच्या आधी येऊन बघून जायचे. यंदा आले नाहीत तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं, असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मी विचारलं, तुम्ही त्यांना आत कसं येऊ दिलंत? आमच्या घरचं ऐकून होतात ना?

म्हणाल्या, तेच तर. मी आधी नाहीच म्हटलं. तर फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, मास्तरांच्या घरी माजा हात चुकला. ती चूक डोक्यावर हाय माज्या. हितं चुकू न्हाय म्हणून तरी बघू द्या." एवढा मोठा माणूस असा बोलतो म्हटल्यावर काय करणार. दार उघडलं.

म्हणजे मी तुमच्यावर टाकलेलं खोटं तुम्ही हातात घेऊन त्या फाटकात उभे राहिलात, कारण त्याशिवाय ते उघडत नव्हतं. आणि मी तिथंही खरं सांगितलं नाही. हो का, म्हणालो. बरं झालं, म्हणालो. चपला घातल्या आणि घरी आलो.

कालचा तेरावा. अक्काच्या दारात मांडव, तीन पंगती. मी वाढायला होतो, हातात भाताचं ताट. दुसऱ्या पंगतीला पोस्टमास्तर, वकीलसाहेब, मिलमधली तुमची माणसं एका ओळीत. बोलणं तुमच्यावरच. मिलमधला एकजण सांगत होता की बॉयलरचा नुसता आवाज ऐकून तुम्ही कुठली नळी गळतेय ते सांगायचात. पोस्टमास्तर म्हणाले, आणि अगदी मायेनं म्हणाले, देवमाणूस हो, शेवटी शेवटी तेवढा हात गेला होता बिचाऱ्याचा, आपल्या मास्तरांच्या घरी बघा ना. वकीलसाहेबांनी मान हलवली.  मिलमधल्या दुसऱ्या एकानं पानावरची नजर उचलली नाही.

मला तिथून पुढं सरकायचं होतं. पुढच्या पानावर भात वाढला की झालं, बोलणं दुसरीकडं गेलं असतं. पण हे जर आता असंच राहिलं तर कायमचं राहणार, हे मला ते ताट हातात धरून उभ्या उभ्या समजलं. उद्यापासून तुमच्याबद्दल लोक एवढंच सांगणार: चांगला माणूस, शेवटी हात गेला.

मी म्हणालो, "पोस्टमास्तर, दाजींचा हात गेला नव्हता. नळी मी काढली होती. बूच मी मारलं होतं, वाफेची लाज वाटत होती म्हणून. फुटल्यावर नळी परत मीच जोडली."

आवाज शाळेतला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पोस्टमास्तरांचा घास हातात राहिला. हळूच म्हणाले, "म्हणजे मी कुसुमताईंना टांग्यातून नेलं, तेव्हा."

"तेव्हा मी स्टुलावर होतो."

पलीकडच्या ओळीला कुसुम पाणी वाढत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि अगदी सावकाश चालत आत गेली. वकीलसाहेब म्हणाले की हे बोलायची ही वेळ नव्हे. मिलमधला तो मघाचा खाली मान घातलेला माणूस म्हणाला, "बोलू द्या की वकीलसायेब. आमी तीन वर्सं वाट बघतोय." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. वर जायची वाट उघडी असली की टाकी फुटत नाही, हे बॉयलरवर तुमच्या हाताखाली राबलेल्यांना कळणार नव्हतं का?

मी उभाच होतो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली ते मला दिसलं नाही. रडली नाही. मला वाटलं ती मारेल. लहानपणी मारायची, बरं वाटलं असतं.

"बाळू," ती म्हणाली, "भात गार व्हायलाय, वाढ. अन् जेवणं उरकली की माज्यापाशी येऊन बस. कुठल्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासनं सांग. त्या त्या दिवशी मी त्यास्नी काय काय बोलले, ते मला आठवायचं हाय."

दुपारभर आम्ही बसलो होतो, दाजी. मी एकेक सांगत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी अक्का मला थांबवून, तेव्हा घरी ती तुम्हाला काय बोलली ते सांगत होती. माझं सांगून संपलं. तिचं अजून संपलेलं नाही.